तिसरा मेसेज

गुडघ्यांचं तेल विकणाऱ्या भाचीने कंपनीने घालून दिलेला नियम कधी मोडला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदम माल पुढे करायचा नाही. पहिल्या दिवशी ‘कशी आहेस?’, दुसऱ्या दिवशी एखादी जुनी आठवण आणि तिसऱ्या दिवशी तेलाचा फोटो. मावशी दर महिन्याला न चुकता एक बाटली मागवायची. या खेपेला कुरिअरवाल्यांचा संप होता, म्हणून भाची स्वतःच बाटली घेऊन गेली. मावशीने कपाट उघडलं. आत अकरा बाटल्या ओळीने उभ्या होत्या, एकीचंही सील तुटलेलं नव्हतं.

“अगं मावशी, लावत का नाहीस?”

“माझे गुडघे ठणठणीत आहेत गं,” बारावी बाटली ओळीत ठेवत मावशी म्हणाली. “पण तेल मागवलं की पुढच्या महिन्यात तू परत ‘कशी आहेस’पासून सुरुवात करतेस.”