केंद्र क्रमांक सातची खडखड

पडद्यावरची हिरवी रेष पुन्हा थरथरली. सव्वाचार वाजले होते. केंद्र क्रमांक सात. तिने कपाळाला हात लावला आणि वडिलांना फोन केला.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

“बाबा, पाण्याचा पंप चालू आहे का?”

“पंप? थांब हं, बघून येतो.” पावलं गेली, दार करकरलं, पावलं परत आली. “नाही गं, बंद आहे. शेजारी भिंत पाडतायत, त्याचं असेल का?”

“परवा तुम्ही वॉशिंग मशीन म्हणालात.”

“तेही असेल. तू जेवलीस का?”

“बाबा, कामाचं बोला.”

कामाचं बोलणं अकरा मिनिटं चाललं. त्यात शेजाऱ्यांच्या भिंतीपासून कोपऱ्यावरच्या खड्ड्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. हाती काही लागलं नाही.

डोंगराखाली जमिनीत एक भेग होती आणि ती किती लांब गेली आहे, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी असे धक्के टिपायचे, की ज्यांनी टेबलावरचा पेलासुद्धा हलत नाही. अशी बारा यंत्रं तिने शांत जागा बघून बसवली होती. सातवं तिच्या स्वतःच्या घरी, मागच्या खोलीत होतं. घर गावाच्या टोकाला, उघड्या खडकावर. घरात एकटे वडील, निवृत्त शिक्षक. त्याहून शांत जागा कुठे मिळणार? दोन वर्षांपूर्वी ती दोन दिवसांसाठी गेली आणि यंत्र बसवून आली. पोरीनं घरात भूकंप आणून ठेवलाय, असं वडील गल्लीभर सांगत सुटले.

त्यानंतर तिचं घरी जाणं झालंच नाही. आधी परीक्षा होत्या, मग शोधनिबंध, मग त्या निबंधाच्या दुरुस्त्या. सुट्टी म्हटली की काहीतरी आडवं यायचंच. घरची आठवण मात्र रोज यायची. मग ती सातची रेष मोठी करून बघत बसायची. सकाळी सहाला बारीक कुसळं उठली, म्हणजे बाबा उठले. साडेसहाला एक ठसठशीत टोक, म्हणजे पुढचं दार आपटलं, फिरायला निघाले. सगळं ठीक आहे. तेवढ्यावर ती भागवत होती. रेष बघितली की घरी जाऊन आल्यासारखं वाटायचं, आणि फोन करायचा राहून जायचा.

एकदाच ती रेष अशी उसळली होती, की तिच्या काळजाचा ठोका चुकला. बाबा पडले की काय! फोन केला तर त्यांनी मागच्या खोलीतलं कपाट सरकवलं होतं. तिने त्यांना चांगलं फैलावर घेतलं. मग अर्धा तास इकडचं तिकडचं बोलणं झालं.

ही खडखड त्यानंतरची. आधी महिन्यातून एकदा, मग दर आठवड्याला, आता तर दिवसाआड. दुपारी चारच्या सुमाराला, पाच मिनिटं. एका सेकंदाला बरोबर दोन ठोके, एक कमी नाही की जास्त नाही.

“इतकं नियमित माणसाचं काम नसतं,” तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. “कुठेतरी मोटर आहे. सातवर वेळ घालवू नकोस. यंत्र हलव. यंदा प्रबंध द्यायचाय ना?”

द्यायचा तर होताच. पण यंत्र हलवणं ती पुढे ढकलत राहिली. त्या रेषेशिवाय घराचं तिच्याजवळ उरणार काय होतं? तरी तिने मन घट्ट केलं, एक दिवसाची रजा टाकली आणि यंत्राची गादीदार पेटी घेऊन बस पकडली. वडिलांना कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी आदल्या दिवसापासून घर डोक्यावर घेतलं असतं.

ती पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता, धप्, धप्, धप्, धप्. सापडली मोटर! चपला काढून ती दबक्या पावलांनी मागच्या खोलीपाशी गेली.

यंत्राशेजारी वडील उभे होते. पायात कॅनव्हासचे बूट, एका गुडघ्याला पट्टा, पाठ ताठ, हातात फोन, नजर घड्याळावर. ते कदमताल करत होते. चाळीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरांना कवायत शिकवलेले पाय ते. ठोका चुकेल कशाला?

तिच्या पिशवीत मोबाइलवर यंत्राचा इशारा वाजला. केंद्र क्रमांक सात, खडखड.

वडील दचकून थांबले. वळून बघतात तो दारात लेक.

“तू? अगं, कळवायचंस तरी!” चेहरा उजळला, आणि लगेच चोरी पकडल्यासारखा पडला. त्यांना पेटी दिसली होती. “हे नेणार?”

“नेणार. बाबा, तीन महिने मी मोटर शोधतेय! नोंदी खराब होतात हे माहीत होतं ना तुम्हाला?”

“आजपासून बंद. या खोलीत पाऊल टाकणार नाही. पण ते राहू दे इथं.”

“पण हे करायचंच कशाला? गुडघा बघा तुमचा!”

ते स्टुलावर टेकले. हातातला फोन त्यांनी उगाच उलटा करून ठेवला.

“मी फोन केला, की तू कामात असतेस,” ते म्हणाले. “इथं पाय आपटले, की तू आपणहून करतेस.”