धुळ्याला दिलेला गडी

“झुलाल बाहेर, वना आत,” आधारआबा म्हणाले, आणि गिरणीमालक रुपचंदशेठच्या टेबलावरची सुपारी तोंडात टाकून मोकळे झाले.

जळगावच्या तेलगिरणीच्या बास्केटबॉल संघाचे आबा कप्तान होते आणि शिकवणारेही तेच. चाळिशी उलटली होती, पण मनगटातला जोर तसाच होता. गिरणीने पोरांना खेळासाठीच पगारावर ठेवलं होतं, आणि पोरं तीन हंगाम धुळ्याच्या सूतगिरणीकडून मार खाऊन येत होती. सत्त्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात शेठने स्पष्टच सांगितलं, “आबा, दिवाळीनंतर धुळ्याला हरवलं नाही, तर संघ बंद. मैदानावर सरकीचं गोदाम बांधतो.” हा संघ आबांनी हाताने उभा केला होता. त्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता.

“काळजी सोडा, शेठ. माणूस बदलला की खेळ बदलतो.”

झुलाल गिरणीत पेंडीची पोती उचलायला गेला. पारोळ्याहून वना आला. नुसता हात वर केला तरी टोपलीच्या कड्याला लागेल असा. असोद्याहून आणखी एक दांडगा गडी आणला. ऊन चढायच्या आत सराव सुरू झाला. पण नवी विटी आली तरी राज्य काही नवं येईना. चेंडू चार हात फिरायचा आणि कुठेतरी अडायचा. पारोळ्यात भल्याभल्यांना पाणी पाजणारा वना इथे खांबासारखा उभा राहायचा. आबांना वाटलं, यालाही बदलावं.

दुसरा गडी बघायला ते एरंडोलला गेले. तो लग्नाला गेलेला निघाला, म्हणून आल्या पावली परत फिरले. गिरणीच्या फाटकाशी पोचले तर मैदानातून आरडाओरडा ऐकू येत होता. पोत्यांच्या थप्पीआडून त्यांनी पाहिलं. एक गडी कमी म्हणून पोरांनी झुलालला बोलावून घेतलं होतं. चेंडू कुणाच्या हातात ठरत नव्हता. काढून टाकलेला झुलाल लांबून फेकत होता आणि चेंडू टोपलीत पडत होता. वना तर उड्या मारून मारून धमाल करत होता. हाच का तो खांब?

आबांची छाती फुगली. “शाब्बास रे!” म्हणत ते मैदानात घुसले, आणि खेळ तिथेच बसला. वनाला चेंडू मिळाला. समोर कुणी नव्हतं. त्याने वळून तो आबांना आणून दिला, दोन्ही हातांनी, पानाचा विडा द्यावा तसा.

“अरे, टोपलीखाली मोकळा होतास! टाकला का नाहीस?”

वना मान खाली घालून म्हणाला, “तुम्ही उभा शेतस ना आबा, मंग मी कसा टाकू? पंगतमा मोठासना पहिले आम्ही घास लेतस का?”

आबांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ते एकेका पोरातली खोट शोधत हिंडले होते.

दुसऱ्या दिवसापासून ते बाहेर बाकावर बसू लागले. पण फेकण्याआधी प्रत्येकाची नजर बाकाकडे वळायचीच. एकदा तर वनाने भर खेळात चेंडू त्यांच्या मांडीवरच फेकला. आबा उठले ते थेट शेठकडे गेले.

“झुलाल आत.”

“आणि बाहेर कोण?”

“मी. धुळेवाले कधीचे मला मागताहेत ना? देऊन टाका.”

शेठ खुर्चीतून उठलेच. “डोकं ठिकाणावर आहे का, आबा? हुकमाचा एक्का त्यांच्या हाती देऊ?”

“माणूस बदलला की खेळ बदलतो, शेठ.”

शेवटी शेठने नाइलाजाने त्यांना धुळ्याला सोडलं. आबा फितले म्हणून जळगावभर बोंब झाली. त्यांच्या बायकोला, झुंबरबाईंना, भाजीबाजारात टोमणे खावे लागले. धुळ्यात मात्र सगळा संघ रांगेने पाया पडला. यांचाच खेळ बघत ती पोरं लहानाची मोठी झाली होती. आबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, “हे बघा, मोकळा असेल त्यानं टाकायचं. माझ्याकडे बघायचं नाही.” एवढा मोठा माणूस आणि एवढा नम्र! पोरांचा आदर दुप्पट झाला.

दिवाळीनंतर जळगावात सामना झाला. आता वनाला वाट बघायला कुणी नव्हतं. त्याने आणि झुलालने धुळ्याला सळो की पळो करून सोडलं. आबाही धुळ्यासाठी जीव तोडून खेळले. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस तो. सामना संपत आला तेव्हा जळगाव एका गुणाने पुढे होतं, आणि चेंडू धुळ्याच्या यादवकडे होता. यादव टोपलीखाली एकटा उभा होता. आबा लांब होते, आणि त्यांना जळगावच्या तिघांनी घेरलं होतं.

“टाक, यादव! टाक!” आबा घसा फोडून ओरडले.

यादवने हसून मान हलवली, आणि दोन्ही हातांनी चेंडू त्यांच्याकडे फेकला.

“तुम्ही शेतस ना, आबा!”

शिट्टी वाजली. चेंडू आबांच्या हातात होता, आणि जळगाव जिंकलं होतं.