न उघडलेलं उडवलं

तबला शिकायला डोक्यात जागाच उरली नव्हती. मग काय, सर्व्हर सांभाळणाऱ्या मल्हार टिपणीसनं ऑफिसातलीच युक्ती स्वतःच्या मेंदूवर चालवली: वर्षभर न उघडलेलं सगळं उडवायचं!

"ताई, डोकं कसं पिसासारखं झालंय बघ!" टेबलावर ठेका धरत तो म्हणाला.

ताईनं भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवलं. "ही कोण, सांग."

"गोड आहे गं. तुझी मैत्रीण?"

"गाढवा, तुझी बायको! ती गेल्यापासून त्रास होतो म्हणून तिची आठवण काढायचाच नाहीस ना तू?"

मल्हारचा हात थांबला. बॅकअप? जागेसाठी तोही त्यानंच उडवला होता. त्यानं रडायचा मनापासून प्रयत्न केला. पण कुणासाठी रडायचं, तेच त्याला कळेना.