टेकडीवरून दिसणारं तळं

टेकडीवरच्या बागेत, कामाच्या पहिल्याच दिवशी, सगुणाबाईंनी देवधरकाकांची चाकाची खुर्ची काचेच्या उंच कठड्याला लावली. काचेतून खालचं शहर धुऊन ठेवल्यासारखं दिसत होतं. सगुणाबाईंच्या वस्तीच्या जागी मात्र निळंशार तळं होतं.

"काका, आमची घरं कुठं गेली?"

"आहेत तिथंच. काच दाखवत नाही, एवढंच. पत्र्यांची तिरीप डोळ्यांवर यायची, म्हणून आम्ही रोज फिरायला येणाऱ्यांनी अर्ज केला. पहिली सही माझी!" काकांनी घरून आणलेलं बाटलीभर पाणी नेमाने कडुलिंबाच्या रोपाला घातलं. "आता शहरातली सगळी सरकारी खाती हेच चित्र नकाशा म्हणून वापरतात."

तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला, आणि सगुणाबाईंचा फोन वाजला. शेजारीण रडत होती. वस्ती पेटली होती. सगुणाबाईंची अंथरुणाला खिळलेली आई आतच होती.

काचेतल्या तळ्यात बदकं पोहत होती.

सगुणाबाईंनी अग्निशमन दलाला फोन लावला. तिथल्या यंत्राने पत्ता ऐकला. "त्या जागी तलाव आहे. खोटी वर्दी देणं गुन्हा आहे."

"काका, तुम्ही बोला. तुमचं ऐकतील ते!"

काकांनी फोन कानाला लावला. नाव, पत्ता, वय सांगितलं.

"आग तुम्हाला स्वतःला दिसते आहे का?" यंत्राने विचारलं.

काका आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि काचेतून नीट निरखून पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "दिसत तर नाही."