बाबांचं इंग्रजी

देवश्रीच्या दुसऱ्या लग्नाचा बायोडेटा त्यांच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यापासून थेट नागपूरपर्यंत फिरणार होता. रेल्वेतून रिटायर झालेले यशवंतराव ऐटीत मजकूर सांगत होते आणि ती वैतागून मोबाइलवर टाइप करत होती.

"डिव्होर्सीच्या पुढे लिही, इश्यूलेस."

"नको ना तो शब्द, बाबा! आजकाल इश्यू म्हणजे भानगड."

"तुमच्या पिढीले इंग्रजीच येत नाही. इश्यू म्हणजे मूल. मूलबाळ नाही, म्हणून इश्यूलेस. आमच्या ऑफिसात असंच लिहीत होते. किती सभ्य शब्द आहे!"

"मले नाही टाकायचा."

"काहून? तुले काय त्रास होऊन राहिला त्या शब्दाचा?"

देवश्रीनं मोबाइल त्यांच्या पुढ्यात आपटला.

"बाबा, माझ्या सासरी तोच तर इश्यू होता!"