हिरवट काळा

“लग्नात ह्यांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही,” हा माईंचा आयुष्यभराचा टोमणा. पुरावाही पक्का होता: लग्नाच्या ब्लॅक-अँड-व्हाइट फोटोत श्रीपादरावांची मान खाली.

तोच फोटो त्यांची लेक ऋता घरच्या प्रिंटरवर मोठा करत होती. रंगीत शाया मिसळून काळा केला की हिरवट झाक यायची. शेवटी तिने उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारातून मॅट कागद आणला, नुसती काळी शाई वापरली, तेव्हा कुठे प्रिंट झकास आला.

श्रीपादरावांनी मात्र टाकून दिलेला हिरवट प्रिंट उचलला. “हाच लाव गं. शालू हिरवाच होता.”

“तुम्हाला काय माहीत?” माई चमकल्या. “मामीचा मागून आणलेला तो. त्याच संध्याकाळी परत गेला.”

श्रीपादरावांची मान खाली गेली, थेट फोटोतल्यासारखी.