टेकडी तेवढी राहिली

हळदीच्या दिवशी किसनचा बाप चिमाजी मांडवात दिसला नाही. पुन्हा कुठंच दिसला नाही.

किसनच्या आईच्या, गवराबाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पण आता राहते त्या चिखलीच्या चाळीत हळदीकुंकू असलं, की ती दाराला कडी घालून बसते.

बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला, तर पिठाचा पुतळा करून जाळतात. चिमाजीची बारा वर्षं भरली होती.

धरणात गाव बुडालं. वरची टेकडी तेवढी राहिली. तिला आता बेट म्हणतात. तिथं कोणी राहत नाही.

दादू होडी वल्हवत होता. तो चिमाजीचा जिवलग. गाव उठलं तरी हा पाणी सोडून गेला नाही. समोर गवराबाई, मांडीवर भाकरीचं फडकं. किसन आईकडं तोंड करून बसला होता. पिंपरीच्या कंपनीतली रजा अशी चालली होती.

"उद्या बापाचा पुतळा जाळायचा, आन् आज आमी फिराया निघालो."

"एकडाव बघू दे," गवराबाई म्हणाली. "मंग तू म्हनशील तसं."

"काय बघायचं? गावातलं शेवटलं लगीन माझं. म्होरल्या हप्त्यात पानी आलं. म्हाताऱ्याला गाव सोडायचं नव्हतं, रुसला आन् गेला. अक्षता पडंस्तवर तरी थांबायचा!"

"मुंडावळ्या बांधल्या तवाबी तोंड असंच फुगलं हुतं तुजं," दादू हसला.

"फुगंल न्हाई तर! आयेनंबी हळद लावली न्हाई. म्हनं, जात्यानं हाताला फोड आल्यात."

गवराबाईनं पदर सारखा केला.

टेकडीवर करवंदीची जाळी माजली होती. किसन इथं गुरं चारायचा. म्हसोबाचा धोंडा त्यानं लगेच ओळखला. गवराबाई मात्र तिकडं न बघता सरळ हिरड्याखाली गेली. पहिली भाकरी तिनं तिथल्या दगडांवर ठेवली. दादूनं टोपी काढून घाम पुसला, पण पुन्हा घातली नाही.

"उद्याचं हितंच करू," ती म्हणाली.

"भटजी होडीत बसंल व्हय?"

"न्हाई तर न्हाई. आपून करू."

आईनं आजवर कशाचा हट्ट धरला नव्हता. "बरं," किसन म्हणाला. "पर मी रडनार न्हाई, आये. त्यो माझ्यासाठी थांबला न्हाई."

गवराबाईनं दादूकडं पाहिलं. दादूनं 'नको' अशी मान हलवली.

"खा, पोरा," ती म्हणाली, आणि पाण्याकडं उतरली. ओंजळभर पाण्यानं तिनं कपाळ धुतलं. एक दिवस आधीच. किसननं तोंड फिरवलं.

बारा वर्षांपूर्वी, हळदीच्या आदल्या रात्री चिमाजीच्या छातीत कळ आली तेव्हा मांडव घालून झाला होता. "पोराचं लगीन मोडू नगा," एवढंच बोलून त्यानं डोळे मिटले. त्या पहाटे, पाणी कधीच चढणार नाही अशा जागी, हिरड्याखाली, दादू आणि गवराबाईनं मिळून खड्डा खणला, आणि उजाडताना किसनच्या हळदीसाठी सुवासिनी बोलवायला ती खाली आली.